झोनबदलाला हरकत कशी घ्यावी : गोव्यातील शेत, बागायत आणि डोंगर राखू पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी

गोव्यात भातशेतीत किंवा डोंगराच्या उतारावर वसाहत उभी राहते, तेव्हा तिचा निर्णय जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी कागदावर झालेला असतो. जमिनीचा झोन, म्हणजे आराखड्याने ठरवलेला तिचा वापर, बदललेला असतो, त्याची सूचना छापून गेलेली असते, आणि पुष्कळदा हरकतीची मुदत गावाला पत्ता लागण्यापूर्वीच संपलेली असते. त्यामुळे ज्यांना आपल्या वाड्यामागचा (गावातील वस्तीमागचा) हरित पट्टा राखायचा आहे, त्यांनी मोर्चाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष हरकतीच्या अर्जाकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी कायद्याची चौकट समजून घ्यावी. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तयार झालेल्या प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये वने, खारफुटी, जलाशय, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली जमीन) व भातशेती आणि 25 टक्क्यांहून अधिक उताराची जमीन पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र 1 मध्ये येते. बागायती, लागवडीच्या जमिनी आणि मिठागरे क्षेत्र 2 मध्ये येतात. ही जमीन घरबांधणीसाठी खुली करायची, तर ती आधी सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये आणावी लागते. 2023 साली कायद्यात घातलेल्या कलम 17(2) खाली आराखड्यातील चुका दुरुस्त करण्याच्या नावाने खासगी अर्जांवर झोन बदलले जात होते; मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. 2024 साली त्याच कायद्यात आलेले कलम 39अ वेगळे आहे. त्याखाली झोनबदलाचा प्रस्ताव आल्यावर लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी किमान 30 दिवस द्यावे लागतात. हे कलम असावे की नसावे, याविषयी गावोगावी तीव्र मते आहेत, आणि ती मांडलीच पाहिजेत. पण ते अस्तित्वात असेपर्यंत हे 30 दिवस वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

सूचना वेळेवर कळणे हे पहिले काम आहे. राजपत्राचे नियमित अंक गुरुवारी निघतात आणि असाधारण अंक कोणत्याही दिवशी निघू शकतो, म्हणून प्रत्येक वाड्यावर एकाने तरी राजपत्र आणि वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना नियमितपणे पाहण्याची जबाबदारी घ्यावी. सूचनेत गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा झोन आणि प्रस्तावित झोन हे तपशील शोधावेत. सूचना दिसताच तिच्या तारखेपासून मुदतीचा शेवटचा दिवस मोजून तो पंचायतीच्या फलकावर लावावा.

त्यानंतर त्या सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (मालक, कूळ आणि लागवड यांची सरकारी नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढावा. उतारा वाचताना बहुतेक जण मालकाचे नाव पाहून थांबतात, पण हरकतीसाठी लागणारे सगळे खाली दडलेले असते. लागवडीखालच्या क्षेत्राचे जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन, केर आणि मोरड असे वेगवेगळे रकाने असतात. ज्या जमिनीच्या ‘तरी’ किंवा ‘खाजन’ या रकान्यात क्षेत्र नोंदलेले आहे, ती पडीक आहे असे अर्जदार म्हणत असेल, तर सरकारी उताराच त्याचे म्हणणे खोडून काढतो. कुळाचा रकाना तर अवश्य पाहावा. कुळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास 1991 च्या भूमी वापर नियमन कायद्याने मनाई केली आहे, आणि तेथे अर्जातले एक वाक्य पुरेसे वजनदार ठरते. इतर हक्कांच्या रकान्यात वाटेची किंवा पाण्याची नोंद असेल, तर तीही टिपून घ्यावी.

कागद झाल्यावर जमिनीवर जावे, आणि शक्य असेल तर गावातील ज्येष्ठ शेतकऱ्याला सोबत न्यावे, कारण पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे नकाशापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. वरच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) पडणारा पाऊस जांभ्या दगडात मुरतो आणि पायथ्याला झरीच्या रूपाने बाहेर येतो. त्याच झरीवर खालचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) जगते आणि डिसेंबरनंतर वायंगणाचे (हिवाळी हंगामाचे) भात उभे राहते. सड्यावर काँक्रीट झाले की मुरणारे पाणी वाहून जाते, सांडपाणी उताराने खाली येते, आणि विहिरी आटल्याची तक्रार उन्हाळ्यात सुरू होते. हा संबंध आपल्या गावात नेमका कोणत्या झरीशी, कोणत्या व्हाळाशी (ओढ्याशी) आणि किती घरांच्या विहिरींशी आहे, ते लिहून काढावे. खाजन असेल, तर बांध आणि मानस (बांधातील पाण्याची झडप) कोठे आहेत, मानशीची दारे भरतीच्या वेळी खारे पाणी अडवतात की नाही, आणि भराव पडल्यास पावसाचे पाणी कोणाच्या शेतात तुंबेल, हे पाहावे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींना स्वतंत्र संरक्षण दिले आहे, त्याचा उल्लेख येथे करावा.

उतार मोजणे अवघड नाही. गवंडी समपातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात, तीच दोन माणसांनी धरावी. एकाने वर उभे राहावे, दुसऱ्याने आडव्या अंतरात चार मीटर खाली. नळीतल्या पाण्याच्या पातळीपासून दोन्हीकडे जमीन किती खोल आहे ते टेपने मोजावे. दोन्हीतला फरक एक मीटर भरला, तर उतार 25 टक्के आहे. असे मोजमाप तीन-चार ठिकाणी घेऊन त्या जागा सर्व्हे प्लॅनवर खुणेने दाखवाव्यात आणि प्रत्येक जागेचा तारखेसह फोटो काढावा. हे खात्याच्या सर्वेक्षणाची जागा घेत नाही, परंतु प्रत्यक्ष पाहणीची मागणी करण्यासाठी भक्कम आधार देते.

आता अर्ज लिहावा. 1987 च्या राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय कामकाजात स्थान दिले आहे, त्यामुळे तो मराठीत लिहिण्यास संकोच करू नये. सर्वसाधारण भावना व्यक्त करणारा अर्ज बाजूला ठेवणे कोणालाही सोपे जाते. सर्व्हे क्रमांकाला बांधलेला अर्ज बाजूला ठेवायचा तर कारण द्यावे लागते. उदाहरणार्थ, ‘आमचा निसर्ग वाचवा’ असे लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे : ‘सदर सर्व्हे क्रमांकाच्या एक-चौदा उताऱ्यात तरी या रकान्यात क्षेत्र नोंदलेले असून तेथे चालू वर्षी पावसाळी भात घेतले गेले आहे. पूर्वेकडील व्हाळाचे पाणी याच शेतातून खालच्या शेतांकडे जाते. भराव घातल्यास हा प्रवाह बंद होईल. फोटो व खुणा केलेला नकाशा सोबत जोडला आहे. सबब झोनबदल नामंजूर करावा, आणि निर्णयापूर्वी प्रत्यक्ष पाहणी करून आम्हांस सुनावणी द्यावी.’ रस्त्याची रुंदी, नळाच्या पाण्याचा दाब आणि कचऱ्याची व्यवस्था यांविषयीही प्रत्यक्ष स्थिती मोजून लिहावी.

एकच मजकूर छापून शंभर सह्या घेण्यापेक्षा वीस कुटुंबांनी आपापल्या शब्दांत आपापले नुकसान लिहिलेले मला अधिक मोलाचे वाटते. शेतकऱ्याने पाण्याविषयी, कुळागरवाल्याने झरीविषयी, शाळेजवळ राहणाऱ्याने वाहतुकीविषयी लिहावे. गावात मतभेदही असतात, आणि ते दडपू नयेत. वडिलोपार्जित जमिनीत मुलासाठी एक घर बांधू पाहणारा शेजारी आणि हजारो चौरस मीटर विकत घेऊन वसाहत आखणारा विकासक यांना एकाच मापाने मोजले, तर गाव फुटतो आणि त्याचा लाभ दुसऱ्यालाच होतो. आपली हरकत नेमक्या कोणत्या प्रस्तावाला आहे, हे अर्जात आणि ग्रामसभेतही स्पष्ट सांगावे.

ग्रामसभेचा ठराव अवश्य घ्यावा. ठरावात सर्व्हे क्रमांक आणि कारणे शब्दशः नोंदवली गेली आहेत याची सचिवांकडून खात्री करून प्रमाणित प्रत मागून घ्यावी. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने आणि जमीन कोमुनिदादीची (गावाची सामुदायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असल्यास तिच्या गावकारांनीही (सभासदांनीही) स्वतंत्र पत्र द्यावे. ठराव सरकारवर बंधनकारक ठरेलच असे नाही, पण पुढे न्यायालयात गावाने वेळेवर काय सांगितले याचा तो पुरावा असतो. गावांचा एकत्रित आवाज निष्फळ ठरत नाही, हेही गोव्याने पाहिले आहे : 2006 साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा 2011 जनआंदोलनामुळे 2007 च्या आरंभी मागे घ्यावा लागला, आणि त्यानंतरचा आराखडा करताना गावांकडून सूचना मागवण्यात आल्या.

अर्ज मुख्य नगर नियोजकांच्या कार्यालयात मुदतीच्या आत स्वतः नेऊन द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. शिक्क्याविना परतू नये. काही आठवड्यांनी माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून नियोजन मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त, छाननीचा अहवाल आणि आपल्या हरकतीवर नोंदवलेला शेरा मागावा. हरकतींवर विचारच झालेला नसेल, तर उच्च न्यायालयात दाद मागताना हीच कागदपत्रे कामी येतात.

झोन बदलला तरी काम संपत नाही. त्यानंतर जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली बिगरशेती वापराची सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना घ्यावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्यावर तेच पुरावे पुन्हा दाखल करता येतात. डोंगरकापणी किंवा भराव सुरू झालेला दिसला, तर नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 17अ खालची लेखी परवानगी आहे का, हे त्याच दिवशी तालुका नगर नियोजन कार्यालयाला आणि मामलेदारांना लेखी विचारावे, आणि काम चालू असतानाच तारखेसह फोटो काढून त्या तक्रारीला जोडावेत.