हेवीचं लायसन्स काढताना

वणी-घुग्घुसकडे कोळशाचे टिप्पर, कोरपना-गडचांदूरकडे सिमेंट, हिंगणघाटला कापसाच्या गाठी, वरूड-मोर्शीला संत्रा. विदर्भात ट्रकला माल कमी नाही, आणि चांगला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून मालकांची ओरड बाराही महिने चालू असते. तरीही क्लिनरकी करणारी कितीतरी पोरं वर्षानुवर्षं हेवीच्या, म्हणजे ट्रकसारख्या जड वाहनाच्या, लायसन्सविना फिरताना दिसतात. विचारलं की म्हणतात, परीक्षा कठीण आहे. मी ती दिली आहे, आता गावातल्या पोरांची तयारीही करून घेतो. परीक्षा कठीण नाही. पोरं सुरुवात उशिरा करतात आणि तयारी नको त्या गोष्टीची करतात.

सुरुवात म्हणजे कारचं लायसन्स. हेवीचं लर्निंग लायसन्स हवं असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि वय वीस पूर्ण. मोटारसायकलचं लायसन्स यात धरत नाहीत. म्हणून अठरा पूर्ण झाले की टू-व्हीलरच्या अर्जातच कारवरही खूण करा आणि दोन्हींची टेस्ट देऊन मोकळे व्हा. इथेच बहुतेकांचं वर्ष वाया जातं. एजंट ‘होऊन जाईन भाऊ’ म्हणतो, पण हे वर्ष त्याच्याही बापाला कमी करता येत नाही. आठवी पास लागते असं पारावर अजून सांगतात; ती अट २०१९ मध्येच निघाली.

मधल्या वर्षात बसून राहायची गरज नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं मालवाहू वाहन एलएमव्हीच्या लायसन्सवर चालवता येतं. वय वीस पूर्ण असेल तर छोटा हत्ती, पिकअप यांवर भाजीपाला, किराणा वाहून हात बसवा. माल लादलेली गाडी ब्रेकला कशी वागते हे ड्रायव्हिंग स्कूलच्या रिकाम्या ट्रकवर कधीच कळत नाही.

कागदांवर फार लिहीत नाही. लर्निंगचा अर्ज सरकारच्या ‘सारथी’ या लायसन्सच्या पोर्टलवर होतो. त्यासोबत डॉक्टरचं नमुना १-अ प्रमाणपत्र लागतं. त्यात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, ऐकू येतं का, हे बघतात. चष्म्याची शंका असेल तर आधीच तपासून घ्या, चष्मा लागला म्हणून कोणी लायसन्स नाकारत नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर अर्ज करता येतो. मोटार ट्रेनिंग स्कूलचं नमुना ५ प्रमाणपत्रही हवं. नुसतं प्रमाणपत्र विकणाऱ्या शाळा आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नियमाप्रमाणे जड वाहनासाठी प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान पंधरा तास मिळायला हवेत. पैसे त्या तासांचे देताय, तेवढे मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट. टेस्टमध्ये नवखी पोरं सहसा निघून जातात, अडकतात ती क्लिनरकी केलेली. गाडी त्यांना येते, त्यात वाद नाही. पण ती आलेली असते खाणीच्या रस्त्यावर, रात्री, उस्ताद झोपल्यावर. एक हात खिडकीबाहेर, रिव्हर्स घेताना अर्धं धड दाराबाहेर, इंडिकेटर म्हणजे शोभेची वस्तू. आमच्या गावातले जुने ड्रायव्हर शिकवताना एकच ओरडतात: “आरसा कायले लावला बे? भांग पाडाले?”

मोटार वाहन निरीक्षक शेजारी बसून तुमचा वेग बघत नाही, क्रम बघतो, आणि त्याचं बघणं तुम्ही चढण्याआधीच सुरू झालेलं असतं. म्हणून गाडीभोवती एक फेरी मारायची सवय लावा. चाकांचे नट, खाली तेल गळतंय का, लाईट, नंबरप्लेट. मागच्या जोडचाकांवर टॉमी, म्हणजे गाडीतली लोखंडी दांडी, मारून बघा. भरलेला टायर ठण्ण वाजतो आणि टॉमी हातात उसळून येते. हवा कमी असेल तर भद्द आवाज येतो आणि टॉमी तिथेच बसते. आतल्या बाजूचा टायर डोळ्यांनी नीट दिसत नाही, तो असाच कळतो. मग वर चढा, सीट, आरसे, बेल्ट. इंजिन सुरू केल्यावर हवेचा काटा लाल पट्ट्याबाहेर येईपर्यंत थांबा. या थांबण्यात घाईची पोरं पकडली जातात. हवा भरली नसेल तर ब्रेकवर भरवसा नाही, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे हे त्या थांबण्यातूनच साहेबांना दिसतं. गाडी हलली की पहिल्या काही फुटांतच हळू ब्रेक मारून बघा.

वळताना ध्यानात ठेवा की ट्रकमध्ये तुम्ही पुढच्या चाकांच्या वर किंवा पुढेच बसलेले असता. कारच्या अंदाजाने स्टिअरिंग फिरवलं तर मागची चाकं आत कापतात आणि कोपऱ्यावरचा खांब घेऊन जातात. आणखी थोडं पुढे जाऊ द्या, मग फिरवा. रिव्हर्समध्ये ढुंगण जिकडे न्यायचं तिकडेच स्टिअरिंग, एवढं पक्कं करा. डावा आरसा जास्त बघा, कारण ती बाजू आंधळी असते. चढावर गाडी थांबवून उचलणं खळ्यावर जमत नाही. त्यासाठी कालव्याच्या पुलाचा चढ शोधा, आणि मागे कोणाची बैलगाडी नसताना.

टेस्टच्या ट्रॅकवर जे विचारत नाहीत तेही शिकून घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात साइडपट्टीवर गाडी टिकू देत नाही. समोरच्याला वाट द्यायला दोन चाकं खाली घातली की माल एका बाजूला झुकतो आणि गाडी क्रेनशिवाय निघत नाही. तिथे वेग कमी करून डांबरावरच थांबलेलं बरं, समोरच्याने शिव्या दिल्या तरी. कापसाच्या हंगामात रस्त्याइतक्या रुंद भरलेल्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या भेटतात. बुलडाण्याच्या राजूर घाटासारख्या उतारावर, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबत दाबत उतरलात तर खाली येईपर्यंत ते तापून निकामी व्हायची वेळ येते.

टेस्टला गाडी तुम्हालाच न्यावी लागते, बहुधा शाळेचीच असते. शक्यतो ज्या गाडीवर शिकलात तीच मागा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा राहिलात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. पास झाल्यावर व्यावसायिक लायसन्स पाच वर्षं चालतं. गॅस, डिझेलचे टँकर चालवायचे तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद हवी. एसटीचं स्वप्न असेल तर प्रवासी गाडीसाठी लागणाऱ्या बॅजचंही बघा, नुसत्या मालट्रकला तो लागत नाही.

नोकरीबद्दल माझं मत: पहिलं वर्ष ट्रिपवर पैसे देणाऱ्या टिप्परवर जाऊ नका. जितक्या फेऱ्या तितके पैसे म्हटलं की झोप जाते आणि सवयी पुन्हा खाणीच्या रस्त्यावरच्या होतात. महिन्याचा पगार देणारा, एखाद्या जुन्या ड्रायव्हरसोबत बसवणारा मालक शोधा, पगार थोडा कमी असला तरी. गाडी ताब्यात घेण्याआधी इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखा स्वतः वाचा. काट्यावर वजनाची पावती बघा. ओव्हरलोडला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. ‘ते मी पाहून घेईन’ असं म्हणणारा मालक रात्री दोनला चेकनाक्यावर फोन उचलेलच असं नाही.