जठरातली दुर्मीळ गाठ: 'कितवी स्टेज?' विचारण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाच्या जठरात गाठ निघाली की वाडीत पहिला प्रश्न येतो, 'कितवी स्टेज?' आणि लगेच दुसरा, 'किती दिवस आहेत?' त्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: गाठ कोणत्या जातीची? जठरातल्या बहुतेक कर्करोगांना अॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. त्यांची मोजपट्टी दुर्मीळ गाठींना चालत नाही.

मोबाइलवरचा आकडा आपल्या माणसाला लावणे

'पोटाचा कॅन्सर' शोधल्यावर दिसणारे जगण्याचे आकडे बहुतेक अॅडिनोकार्सिनोमाचे असतात. तेच वाचून मुंबईचा मुलगा घरी फोन करतो आणि सगळे धीर सोडतात. जिस्ट या, जठर-आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या गाठीचं पाहा. जठरात ५ ते १० सेंमीची जिस्ट असेल आणि ५ चौरस मिलिमीटरमध्ये विभाजन होत असलेल्या पेशी ५ किंवा कमी असतील, तर आजार पुढे पसरण्याचा धोका साधारण ३.६ टक्के. पेशी त्याहून जास्त असतील तर तो ५५ टक्क्यांच्या घरात जातो. गाठीचा आकार तोच! हीच गाठ लहान आतड्यात असली तर विभाजन कमी असूनही धोका २४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून रिपोर्टात 'मायटोटिक काउंट', म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींचा आकडा, नसेल तर तो मागून घ्या. गाठ फुटली होती का, हेही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. फुटलेल्या गाठीचा धोका बराच वाढतो. इमॅटिनिब हे जिस्टवरचं औषध सुरू झाल्यानंतर काढलेल्या गाठीला हे आकडे लावू नयेत.

ग्रेडला स्टेज समजणे

न्यूरोएंडोक्राइन गाठ ही संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची. तिच्या रिपोर्टात ग्रेड, म्हणजे गाठ किती वेगाने वाढते ते, मुख्यतः केआय-६७ वर (वाढत असलेल्या पेशींचं प्रमाण) ठरतो: ३ टक्क्यांखाली पहिला, ३ ते २० दुसरा, त्यावर तिसरा. आजार किती पसरला, ते स्टेज सांगते. शिवाय प्रकार पाहावा लागतो. जठराला जुनी सूज असून बारीक बारीक अनेक गाठी दिसल्या तर घरचे हादरतात, पण तो पहिला प्रकार सहसा सौम्य असतो. एकटीच असलेली, रक्तातलं गॅस्ट्रिन (जठरातलं आम्ल वाढवणारं संप्रेरक) नॉर्मल असलेली गाठ जास्त सांभाळावी लागते.

अॅसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवून तपासणी

पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन (न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी रक्तात तपासतात तो घटक) आजार नसतानाही वाढलेले दिसतात. जठरातल्या एच. पायलोरी या जंतूची तपासणी याउलट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. जंतूच्या तपासणीसाठी या गोळ्या सहसा २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद ठेवावे लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र बंद करू नका, अल्सर असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. मॉल्ट लिम्फोमात, म्हणजे जठराच्या अस्तरातल्या लसिका पेशींच्या कर्करोगात, जंतूच्या तपासणीवर फार काही अवलंबून आहे. जंतू सापडला आणि आजार जठरापुरताच असला, तर नुसत्या अँटिबायोटिकनेही बऱ्याच जणांची गाठ विरघळते. जठर कापायची घाई कशाला?

फक्त कागद घेऊन परळ गाठणे

रात्रीच्या गाडीने फाइल घेऊन परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात पोचायचं आणि तिथे कळायचं की स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) हवेत, हा हेलपाटा टाळता येतो. गाठीची जात पुन्हा तपासायची तर ब्लॉकच लागतात. ते लॅबमधून आधीच मागून घ्या आणि त्यांवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का पाहा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. बायोप्सीचा तुकडा स्वतः लॅबला नेणार असाल तर तो फॉर्मॅलिनमध्येच (तुकडा टिकवणारं द्रावण) आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारा. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो आणि दुर्बीण पुन्हा घालावी लागते.