कोरी आणण्याआधी सायफन घ्या

गेल्या खेपेला माझ्याकडे सगळं होतं. टँक होता, सहा आठवडे चालून मुरलेला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढलेला, फिल्टर होता, बारीक वाळू होती, पाणी तपासायचं किट होतं आणि सहा पांडा कोरी होत्या. कोरी, म्हणजे कोरीडोरास, हा टँकच्या तळाला फिरणारा छोटा, मिशाळ मासा आणि पांडा ही त्याची एक जात. तळ खेचायची नळी, म्हणजे सायफन, तेवढा नव्हता. तळाला फिरणारा मासा तळ आपणच साफ ठेवतो असं ऐकलं होतं आणि मी ते खरं धरलं. दोन महिन्यांत सहाही जणींच्या मिशा झिजून नुसते बुडखे राहिले आणि दोघी गेल्या. पाणी तेव्हाही आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. मग एक दिवस लाकडाचा ओंडका उचलला, तर त्याच्याखालून तपकिरी ढग उठला आणि सडक्या अंड्याचा वास आला. म्हणून या वेळची यादी सायफनपासून सुरू करतेय. कोरी महिनाभराने आणल्या तरी चालतील, सायफन आधी घरात हवा.

आता मासा ओळखण्याबद्दल, कारण इथेही घोळ होतात. कोरीला खवले नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, चिलखतासारख्या एकावर एक बसलेल्या. तोंड खाली वळलेलं असतं आणि त्याच्याभोवती मिशा असतात. काचेला तोंड चिकटवून लटकणारा मासा कोरी नव्हे. तो ओटोसिंक्लस असेल नाहीतर प्लेकोचं पिल्लू असेल, आणि प्लेको पुढे केवढा होतो ते वाचल्याशिवाय घेऊ नका. शेवाळ खाणारा मासा म्हणून कोरी घेत असाल तर घेऊ नका, ती शेवाळ खात नाही.

जातीचं नाव विचारा आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. ज्युली म्हणून विकली जाणारी कोरी बहुतेक वेळा ट्रायलिनिएटस असते. ज्युलीच्या डोक्यावर सुटे ठिपके असतात, तर ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर ठिपके एकमेकांना जोडून वेड्यावाकड्या रेघा झालेल्या असतात. स्टेर्बाईच्या गडद डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि कल्ल्यांमागच्या परांचे काटे नारिंगी असतात. हॅराल्डशुल्ट्झी तिच्यासारखीच दिसते, पण तिथे डोकं फिकट आणि ठिपके गडद असतात. छोट्या तिघींत पिग्मीच्या अंगावरून आडवी काळी रेघ जाते, हॅस्टॅटसच्या शेपटीच्या मुळाशी काळा डाग असतो आणि हॅब्रोससचं अंग ठिपक्याठिपक्यांचं, तुटक रेघांचं असतं. पांडा चुकणं कठीण आहे: डोळ्यांवर, पाठीच्या परावर आणि शेपटीच्या मुळाशी काळं, बाकी अंग फिकट. भडक गुलाबी किंवा निळ्या कोरी दिसल्या तर हातही लावू नका. त्या बहुतेक वेळा फिकट माशांना रंग टोचून किंवा रंगात बुडवून केलेल्या असतात.

नावांच्या बाबतीत आणखी एक. 2024 मध्ये या गटाची शास्त्रीय फेरमांडणी झाली. पांडा, स्टेर्बाई आणि पेपर कोरी आता होप्लिसोमा वंशात गेल्या, ब्रॉन्झ कोरी ऑस्टिओगॅस्टरमध्ये आणि पिग्मी गॅस्ट्रोडर्मसमध्ये. कोरीडोरास हे नाव मुख्यतः लांब तोंडाच्या जातींकडे उरलं. म्हणून माहिती शोधताना जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धीच हाती लागेल.

जात कळायलाच हवी, कारण तापमान जातीवर ठरतं. पेपर कोरी थंड पाण्यातली, 18 ते 23 अंशांत सुखी. पांडाला 20 ते 25 पुरे. ब्रॉन्झ 22 ते 26. स्टेर्बाई 24 ते 28, म्हणजे गरम पाण्याच्या टँकमध्ये ठेवायचीच असेल तर ही. डिस्कस या गरम पाण्यातल्या माशासाठी तापवलेल्या पाण्यात पांडा सोडून ती का दमते, असं कृपया विचारू नका.

विकत घेताना आधी मिशा बघा. काचेजवळ वाका, मासा समोर येईपर्यंत थांबा आणि मिशा मोजा. त्या लांब, टोकदार आणि दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. पोट आत गेलेलं नको, पोटाखाली लाल चट्टे नकोत, पर अंगाला चिकटलेले नकोत. ज्या टँकमध्ये एकीच्या मिशा झिजल्या आहेत तिथली एकही घेऊ नका, मग बाकीच्या कितीही छान दिसोत. एकाच जातीच्या किमान सहा घ्या. वेगवेगळ्या जातींच्या दोन दोन घेऊन सहा होत नाहीत, त्या आपापल्या जातीतच रमतात.

टँकची उंची या माशाच्या कामाची नाही, तळाची जागा कामाची आहे. मध्यम आकाराच्या सहा कोरींना निदान 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद तळ हवा. वर झाकण असेल तर पाणी काठोकाठ भरू नका, पृष्ठभाग आणि झाकण यांत तीन-चार बोटं हवा राहू द्या. कोरी मधूनच वर झेपावते, हवेचा घोट घेते आणि खाली परतते. ती हवा आतड्यात जाते आणि तिथे प्राणवायू रक्तात शोषला जातो. हे आजारपण नाही. पण मिनिटामिनिटाला सगळ्याच वर धावू लागल्या तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय किंवा कल्ल्यांना काही झालंय असं समजा.

आता वाळू. यात घाई केली तर पुढचं सगळं फुकट. दाणा एक मिलिमीटरहून बारीक आणि गोल हवा. चिमूटभर ओली वाळू तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जोरात चोळा. टोचली तर ती नको. व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फसफसली तर त्यात चुना आहे, पाणी कठीण होत जाईल. मग बादलीत धुवा, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. थर दोन-तीन सेंटिमीटरचाच ठेवा. जाड थर दिसायला छान, पण खाली हवा पोहोचत नाही आणि घाण कुजते. फिल्टरचं तोंड वाळूपासून चांगलं वर ठेवा, नाहीतर दाणे आत जाऊन पंखा खराब होतो.

वाळूचा एवढा आग्रह कशासाठी, ते एकदा काचेला नाक लावून बघा. कोरी डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, तोंडभर वाळू घेते, आतल्या आत चाळते आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडते. मध्येच बुबुळ खाली फिरवते, डोळा मिचकावल्यासारखं दिसतं. दिवसभर हेच चालू असतं. म्हणजे वाळूत जे साचलंय ते सगळं तिच्या तोंडातून, मिशांवरून आणि कल्ल्यांवरून जातं. खाण्याचा चुरा, विष्ठा, कुजकी पानं, त्यांवरचे जिवाणू, सगळं. वाळू बारीक असून माझ्या कोरींच्या मिशा का झडल्या, याचं उत्तर तिथेच होतं. टोकदार खडी मिशांना खरचटते हे खरं, पण घाणेरडी मऊ वाळूही तितकीच वाईट. मी किटने पाणी तपासत राहिले आणि आकडे चांगले येत राहिले. किट पाण्याबद्दल सांगतं. वाळूत काय साचलंय ते किटला कळत नाही.

तर, सायफन घेतलात का? रुंद तोंडाची नळी, तिला जोडलेला पाइप आणि एक बादली, बस्स. वाळू खेचली जाईल म्हणून मी टाळत होते, पण त्याला युक्ती आहे. नळीचं तोंड वाळूत खुपसायचं नाही. बोटभर वर धरून हळूहळू गोल फिरवायचं. वाळू जड, ती खाली बसते. घाण हलकी, ती उठून नळीत जाते. वाळू वर येऊ लागली तर पाइप क्षणभर चिमटीत दाबायचा, दाणे खाली पडतात. आधी बोटांनी वाळू वरच्यावर हलवून घ्या, म्हणजे दबलेली घाण सुटते. आठवड्यातून एकदा, पाणी बदलतानाच. लाकूड आणि दगड उचलून त्यांच्याखालीही, आणि जिथे खाणं पडतं त्या कोपऱ्यात दोनदा. ओंडक्याखाली मी कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही बघा.

पाणी: अमोनिया 0, नायट्राइट 0, नायट्रेट लिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली. नवा टँक मासे न टाकता चार ते सहा आठवडे चालवून मुरवा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदला, तापमान जुळवून. नळाचं पाणी नुसतं रात्रभर ठेवून भागेलच असं नाही. क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी त्याच्याऐवजी क्लोरामाइन घालतात, ते उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या पाण्यातलं क्लोरीन-क्लोरामाइन मारायचं औषध लागतं, ते घरात ठेवा.

आणण्याचा प्रवास. कोरीच्या पाठीच्या आणि छातीच्या परांचा पहिला काटा टणक असतो, घाबरली की ती तो उघडून अडकवून ठेवते. जाळीत हमखास गुंततो. ओढून काढू नका, काटा तुटतो. जाळी कापा. जाळीपेक्षा छोट्या डब्यात हाकलून घेणं चांगलं. काटा प्लॅस्टिकलाही भोक पाडतो, म्हणून दोन पिशव्या घ्या, एकात एक. एका पिशवीत गर्दी नको. छातीच्या काट्याच्या मुळाशी विषग्रंथी असते, फार घाबरलेल्या कोरी बंद पाण्यात विष सोडतात आणि त्यात स्वतःच मरू शकतात. पाण्यावर फेस दिसला तर घरी पोहोचायची वाट बघू नका, जवळ स्वच्छ पाणी बाळगा आणि लगेच बदला. काटा बोटात गेला तर गांधीलमाशी चावल्यासारखं ठणकतं, सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट धरा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

नव्या कोरी पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, आजार असला तर तिथेच कळावा म्हणून. तिथेही वाळूचा पातळ थर, लपायला काहीतरी, स्पंज फिल्टर. आणि तिथेही सायफन. छोट्या टँकमध्ये घाण लवकर साचते.

सोबती शांत आणि छोटे निवडा. मोठ्या तोंडाचा मासा कोरी गिळायला गेला तर काटे घशात अडकतात आणि दोघेही जातात.

खाणं: दुसऱ्यांचं उरलेलं खाऊन कोरी जगत नाही. बुडणाऱ्या गोळ्या द्या, दिवा बंद केल्यावर, म्हणजे वरचे मासे पळवत नाहीत. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, वितळवून. दोन-तीन तासांनी उरलेलं काढा. कशाने? सायफनने. गेल्या वेळी रात्री गोळी टाकून मी झोपायला जायची आणि सकाळी गोळी दिसत नसे, म्हणून खाल्ली असं समजायची. ती विरघळून वाळूत गेलेली असायची.

आजारी पडल्या तर औषधाच्या बाटलीकडे आधी धावू नका. पाणी तपासा, तळ खेचा, एक तृतीयांश पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मिशांची मुळं शाबूत असतील तर स्वच्छ वाळूवर त्या परत येतात, माझ्या उरलेल्या चौघींच्या हळूहळू बऱ्याच आल्या. पोटावर लाल चट्टे वाढत असतील तर आजारी माशाला वेगळं करा आणि माशांचा डॉक्टर मिळत असेल तर त्याला दाखवा. तांबं असलेली औषधं टाळा. औषध देताना एअर पंप चालू, फिल्टरमधला कोळसा बाहेर. मीठ टाका असं कुणी म्हणालं तर निदान पहिला उपाय म्हणून नको.

काचेवर चिकट अंडी दिसली तर मोठ्यांपासून वेगळी करा, नाहीतर त्याच खातात.

चार दिवस बाहेर जाणार असाल तर आदल्या दिवशी तळ खेचा, पाणी बदला आणि जाताना ज्यादा खाणं टाकून जाऊ नका. धडधाकट मोठ्या कोरी चार दिवस उपाशी सहज राहतात. सायफन धुऊन, उलटा टांगून, कोरडा करून जा.