दुष्काळ आणि अतिवृष्टीने आपल्या माळाचं काय झालं ते कसं बघायचं

दुष्काळानंतर पहिला बरा पाऊस पडला की आठ दिवसात माळ हिरवागार होतो आणि ग्रुपवर फोटो सुरू, माळ परत आला म्हणून. काय परत आलंय ते बघायला मात्र कोणी खाली वाकत नाही. आमच्या पुरंदर-बारामती पट्ट्यात २०१८ चा दुष्काळ आणि लगेच २०१९ च्या सप्टेंबरमधला तो धुवांधार पाऊस, दोन्ही एकाच माळाने सोसलं, तेव्हापासून जे करत आलोय ते सांगतो.

आधी गवतं ओळखा. सगळी नावं यायची गरज नाही, बारमाही कोणतं आणि एकसाली कोणतं एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही बारमाही, यांचा ठोंब असतो, बुडाशी गेल्या वर्षीचे वाळके खुंट दिसतात आणि उपटायला गेलं तर हाताची सालं निघतात. एकसाली गवत चिमटीत धरलं की मुळासकट हातात येतं.

मग चौकट. पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि कोपऱ्याला चार एल्बो, झालं, ती जमिनीवर ठेवून तिच्या आतलंच मोजायचं. माळाच्या उंच मुरमाड भागात आणि सखल भागात मिळून निदान दहा जागा ठरवा. मी खुणेला लोखंडी गज ठोकले होते, दिवाळीच्या आत भंगारात गेले, आता रंगवलेले दगड पुरतो आणि मोबाइलवर लोकेशन सेव्ह करतो. जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी काढा, आणि मेंढरं बसतात ती जागा नको, नाहीतर चराईचा परिणाम पावसाच्या नावावर जाईल.

मोजायचं वर्षातून दोनदा. सप्टेंबरच्या शेवटी गवत फुलोऱ्यात असतं तेव्हा चौकटीत कोणती झाडं किती आणि उघडी जमीन अंदाजे किती टक्के. दुसरी फेरी एप्रिलमध्ये, ही सगळे टाळतात पण खरी गोष्ट तिथेच कळते. वाळलेल्या ठोंबाचं बूड नखाने हळूच खरवडायचं, आत पांढरट-हिरवट ओला कोंब दिसला तर जिवंत, भुसा निघाला तर गेला. जुन्या ठोंबाचा कधी कधी मधला भाग मेलेला असतो आणि कडेचं कडं तेवढं जिवंत, म्हणून दोन-तीन ठिकाणी बघा.

पाऊस नुसता एकूण लिहू नका. पर्जन्यमापक घ्या, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि दोन गोष्टी वेगळ्या काढा, सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा आणि २४ तासात ६५ मिमीच्या वर, म्हणजे सरकारी हिशेबात अतिवृष्टी, किती वेळा. अमेरिकेत कॅन्ससच्या कोन्झा प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, १९९८ पासून या खंडांचाच प्रयोग केलाय, एकूण पाऊस तेवढाच ठेवून फक्त मधले खंड दीडपट केले, तर गवत कमी आलं आणि गंमत म्हणजे जातींची विविधता वाढली. म्हणून जाती वाढल्या म्हणून लगेच खूश व्हायचं नाही.

आता वाचायचं कसं? दुष्काळात ठोंब मेले की मधे जागा मोकळ्या होतात आणि पुढच्या पावसात तिथे एकसाली कुसळं, टाकळा, गाजरगवत घुसतं. लांबून सगळं हिरवंच दिसतं. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा गवत कमी भरलं तर त्या पावसाआधीच्या एप्रिलचे आकडे काढा, ठोंबच कमी उरले असतील तर नुसत्या पावसाने काय होणार? अतिवृष्टीचं वेगळं. मुरमाड उतारावर पाणी मुरतच नाही, पळतं आणि वरची माती, बी घेऊन जातं, खाली सखलात पाणी साचून लव्हाळा माजतो. सारखा भिजपाऊस असेल तर उंच गवत दाटतं आणि त्याच्या सावलीत बारकी फुलझाडं दबतात.

एका वर्षाच्या आकड्यांवरून काही ठरवू नका, निदान पाच पावसाळे लागतात. आणि सप्टेंबरात जाताना पायात गमबूट घाला, मोज्यातली कुसळं काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.