वाहतूक अभियंता होताना: टॅली शीट, कोड आणि आयआरसी

स्थापत्यची पदवी घेऊन वाहतूक सल्लागाराच्या कार्यालयात रुजू झालं, की पहिल्याच आठवड्यात हातात पडतं ते टॅली शीट, म्हणजे रेघा मारून वाहनं मोजायचा तक्ता. सॉफ्टवेअरवर मॉडेल चालवायच्या तयारीनं आलेल्याला चौकात उभं राहून दुचाक्या मोजणं हलकं काम वाटतं. रोजंदारीवरच्या मुलांना उभं करून आपण कार्यालयात बसावं, असा मोह होतो. पण पुढची सगळी गणितं, म्हणजे सिग्नलची वेळ, रस्त्याची रुंदी, उड्डाणपुलाची गरज, याच आकड्यांवर उभी राहतात. मोजणी चुकली तर वरचं मॉडेल कितीही देखणं असो, उत्तर चुकीचंच येतं. म्हणून या लेखात मोजणीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. संस्था, कोड (रस्त्यांच्या मानकांची पुस्तकं) आणि अधिवेशनं त्यानंतर.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पदव्युत्तर शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी गेट ही प्रवेश परीक्षा लागते. मुंबईच्या आयआयटीत स्थापत्य विभागात ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनिअरिंग आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगचं एमटेक आहे. प्रवेश कुठेही मिळो, संख्याशास्त्राचा पेपर मनापासून करा. नमुना किती घ्यायचा आणि सरासरी कधी फसवते, हे न कळणारा अभियंता या क्षेत्रात फार लवकर अडतो.

आता चौकात येऊ. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजूनं डावीकडे, सरळ आणि उजवीकडे अशा तीन हालचाली असतात, म्हणजे एकूण बारा, यू-टर्न वेगळे. गर्दीच्या चौकात एका माणसाला एका बाजूच्या तिन्ही हालचाली झेपत नाहीत. दुचाक्यांसाठी एक मोजणीदार आणि बाकीच्या वाहनांसाठी दुसरा, अशी वाटणी बरी. नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत करायची: चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. खाना संपल्यावर बेरीज तिथल्या तिथे लिहायची, घरी जाऊन नव्हे. दर दोन तासांनी माणूस बदलायचा. थकलेला माणूस ट्रक विसरत नाही, दुचाक्या विसरतो, आणि आपल्या शहरांत बहुसंख्य वाहनं तीच असतात.

व्हिडिओवरून मोजणार असाल तर कॅमेरा उंचावर हवा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गच्ची मिळाली तर उत्तम. खांबावर खालून लावलेल्या कॅमेऱ्यात एक एसटी थांबली की तिच्यामागच्या सगळ्या दुचाक्या गायब होतात. घरमालकाची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी आदल्या दिवशी लेखी घ्या. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकत्र जुळवा. सकाळी सहाच्या उन्हात आणि रात्री आठच्या दिव्यांत चित्र कसं दिसतं, याची पाच मिनिटांची चाचणी घ्या. नंतर पडद्यावर मोजताना एका वेळी एकच हालचाल मोजा. प्रत्येक तासातला एक खाना दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. दोघांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो तास परत.

सगळ्यांत मोठी चूक मात्र मोजणीदाराची नसते, ती योजना करणाऱ्याची असते. थांबरेषेवर मोजलेली वाहनं म्हणजे सिग्नलनं सोडलेली वाहनं. येऊ पाहणारी नव्हेत. चौक तुंबलेला असेल तर थांबरेषेवरचा आकडा सुटण्याच्या क्षमतेपाशी अडकतो, आणि मागे अर्धा किलोमीटर रांग असूनही कागदावर ‘मागणी स्थिर’ दिसते. म्हणून हिरवा संपताना रांगेत किती वाहनं उरली, हे सिग्नलच्या प्रत्येक चक्रात (लाल-हिरव्याच्या एका पूर्ण फेरीत) लिहा, किंवा रांगेच्या शेपटापलीकडे आणखी एक मोजणीदार उभा करा. हा एक रकाना नसल्यामुळे अहवालच्या अहवाल निरुपयोगी होतात.

मोजून झालं की पीसीयू (पॅसेंजर कार युनिट), म्हणजे सगळी वाहनं मोटारींच्या हिशोबात आणणं. प्रत्येक प्रकारच्या वाहनाला मोटारीच्या तुलनेत वजन, म्हणजे गुणक, द्यायचं. शहरी रस्त्यांच्या क्षमतेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १०६ क्रमांकाच्या कोडमध्ये (१९९०) ही वजनं दिली आहेत, आणि ती वाहनाच्या टक्केवारीप्रमाणे बदलतात. दुचाकी पाच टक्के असेल तर ०.५, दहा टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. रिक्षा १.२ आणि २.०. बस-ट्रक २.२ आणि ३.७. मोटार कायम १. समजा, एका बाजूनं तासात १२०० दुचाक्या, ३०० मोटारी, १५० रिक्षा आणि ५० बस-ट्रक आले. एकूण १७०० वाहनं. दुचाक्या सत्तर टक्के, म्हणून ०.७५ नं ९००. मोटारी ३००. रिक्षा ८.८ टक्के, म्हणून १.२ आणि २.० यांच्या मधलं प्रमाणशीर वजन १.८१ घेऊन सुमारे २७२. बस-ट्रक तीन टक्क्यांच्या आत, म्हणून २.२ नं ११०. बेरीज १५८२. नवखा माणूस दुचाकीला डोळे झाकून ०.५ लावतो आणि एका फटक्यात ३०० पीसीयू हरवतात. कोणतं वजन कुठल्या कोडमधून घेतलं, ते तक्त्याखाली लिहाच. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं (सीएसआयआर-सीआरआरआय) २०१७ मध्ये काढलेल्या इंडो-एचसीएम या रस्त्यांच्या क्षमतेच्या पुस्तिकेत सिग्नलच्या चौकासाठी वजनं वेगळी आहेत. दोन्हीकडची वजनं एकाच तक्त्यात मिसळली की तपासणारा अधिकारी पान परत पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

हाच आकडा सिग्नलमध्ये काय करतो ते पाहा. आयआरसी ९३ (१९८५) प्रमाणे ५.५ मीटर किंवा त्याहून रुंद बाजूची संपृक्त क्षमता, म्हणजे हिरवा सलग राहिला तर सुटू शकणारी वाहतूक, रुंदी गुणिले ५२५ पीसीयू प्रति तास. नकाशावर बाजू ७ मीटर आहे, म्हणजे ३६७५. मागणी भागिले क्षमता ०.४३. आडव्या रस्त्याचं प्रमाण ०.२५ धरलं तर बेरीज ०.६८. चक्राची लांबी काढायच्या वेबस्टरच्या सूत्रात चक्रामागे एकूण वाया जाणारा वेळ १० सेकंद धरला की चक्र येतं (१.५ × १० + ५) ÷ (१ – ०.६८), सुमारे ६३ सेकंद. छान दिसतं. पण प्रत्यक्ष चौकात डाव्या कडेला रिक्षा उभ्या आहेत, त्यांच्यापुढे वडापावची गाडी, आणि वाहनांना मिळतात साडेचारच मीटर. त्या रुंदीला त्याच कोडमध्ये क्षमता २२५० आहे. प्रमाण ०.७०, बेरीज ०.९५, आणि चक्र ४०० सेकंद! म्हणजे सिग्नल चालणारच नाही. इथे उपाय सिग्नलच्या पेटीत नाही, रिक्षा थांब्याच्या जागेत आहे. म्हणून टेप घेऊन जा, आणि रुंदी गर्दीच्या वेळीच मोजा. पहाटे मोजलेली रुंदी नकाशातल्या रुंदीशीच जुळेल.

राज्य मार्गावरची मोजणी वेगळी. आयआरसी ९ (१९७२) वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजायला सांगतो: एकदा सुगीच्या हंगामात आणि एकदा मंदीत. जत्रा किंवा प्रदर्शनाचे दिवस टाळायचे. आपल्याकडे याचा अर्थ फार ठोस आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरच्या रस्त्यावर गळीत हंगामात आणि हंगामाबाहेर मोजलं, तर ते दोन वेगळे रस्ते वाटावेत इतका फरक पडतो. आषाढीच्या वारीच्या आठवड्यात पंढरपूरकडच्या रस्त्यावर मोजणी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आठवडी बाजाराचा वार मात्र सात दिवसांत येतोच, तो वगळू नका. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मोजणीदारांना चित्र काढून आधी सांगा. नाहीतर एक जण त्याला एक वाहन धरतो आणि दुसरा दोन.

फरसबंदीच्या, म्हणजे रस्त्याच्या थरांच्या, संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) ॲक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसावर येणारं, वजनही घ्यावं लागतं. आयआरसी ३७ (२०१८) प्रमाणे दिवसाला ३००० पर्यंत व्यापारी वाहनं असतील तर किमान २० टक्के नमुना, ३००० ते ६००० असतील तर १५ टक्के, त्यापुढे १० टक्के. प्रमाण मानलेल्या ८० किलोन्यूटनच्या ॲक्सलऐवजी १२० चा ॲक्सल गेला, तर नुकसान दीडपट नाही, दीडाचा चौथा घात, म्हणजे पाचपट. म्हणून दहा जादा भरलेल्या ट्रकांनी नमुन्यातून निसटणं महाग पडतं, आणि ते निसटतातच. वजनाच्या पाट्या रस्त्यावर मांडल्या की तासाभरात फोन फिरतात, भरलेल्या गाड्या अलीकडच्या ढाब्यावर विसावतात आणि तुमच्या नमुन्यात रिकाम्याच येतात. पोलीस गाडी दूर उभी करा, जागा मध्येच बदला, रात्रीचे तास सोडू नका. कारखान्याकडे जाणारी आणि परतणारी बाजू वेगळी ठेवा. भरलेल्या आणि रिकाम्या बाजूची सरासरी काढली तर दोन्हींपैकी कुठलाच रस्ता नीट होत नाही.

आता संस्थेकडे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी, डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाली. तिचं मूळ १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीत आहे. त्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावानं आहे तेच. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या नागपूर योजनेतून पक्की झाली. आजही मैलाच्या दगडावर जे वाचता, त्याची मुळं तिथे आहेत.

सदस्य झाल्यावर काय मिळतं, हा नवख्यांचा पहिला प्रश्न. कोडची पुस्तकं, ‘इंडियन हायवेज’ हे मासिक, वार्षिक अधिवेशनाला जाण्याची संधी. यात मासिकाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तेच चुकतं. कोडमधल्या दुरुस्त्या त्यात छापून येतात. कार्यालयाच्या कपाटातली झेरॉक्स प्रत पंधरा वर्षांपूर्वीची असते, तिच्यात एकही दुरुस्ती नसते, आणि संकल्पन जुन्या कलमावर होतं. प्रत्येक कोडच्या पहिल्या पानावर आपल्या हातानं ‘दुरुस्ती तपासली’ आणि तारीख लिहायची सवय लावा.

कोड नुसता वाचू नका, रस्त्यावर नेऊन पडताळा. गतिरोधकापासून सुरुवात करायला हरकत नाही. १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोल गतिरोधक सांगितला होता: १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची. भूमिती करून पाहा: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ३.७ मीटरची जीवा घेतली तर मधली उंची बरोबर १० सेंटिमीटर येते. मग एक सरळ पट्टी, पाणपातळी आणि टेप घेऊन आपल्या गल्लीतल्या उंचवट्यावर जा. उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी एक-दीड मीटरच भरली, तर रिक्षातल्या गरोदर बाईला तो का सोसत नाही आणि रुग्णवाहिका तिथे का थांबते, हे सूत्राविना समजतं. पूर्वसूचनेचा फलक ४० मीटर आधी आहे का, काळे-पांढरे पट्टे दिसतात का, तेही टिपा. या कोडची २०१८ मध्ये सुधारित आवृत्ती आली. प्रत्यक्ष कामासाठी तीच वापरायची.

हे कोड आकाशातून पडत नाहीत. आयआरसीच्या समित्या ते लिहितात: एच-१ वाहतूक नियोजन आणि वाहतूक अभियांत्रिकीची, एच-२ डांबरी रस्त्यांची, एच-३ काँक्रीटच्या रस्त्यांची. समितीचा मसुदा वरच्या मानक समितीकडे जातो, मग कौन्सिलकडे, आणि नंतर छापला जातो. समित्या दर तीन वर्षांनी नव्यानं बनतात. नव्या अभियंत्याला समितीत लगेच जागा मिळत नाही, पण सूचना पाठवायला वय लागत नाही. ‘हे कलम अव्यवहार्य आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. कलमाचा क्रमांक, तुमच्या चौकातली मोजणी, तारीख-वेळ, पद्धत आणि सुचवलेलं नवं वाक्य, असं एका पानात मांडलेलं पत्र वाचलं जातं.

अधिवेशनात किंवा स्थानिक चर्चासत्रात गेलात तर चहापानाच्या रांगेत ओळखपत्रं वाटत फिरू नका. एक निबंध निवडा, आदल्या रात्री वाचा आणि नमुना कसा घेतला, यावरच एक प्रश्न विचारा. साइट भेटीला हेल्मेट, परावर्तक जाकीट आणि बूट आपले आपण न्या. तिथे कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला विचारा, की नकाशाप्रमाणे काय करता आलं नाही आणि का. त्या उत्तरात चर्चासत्राच्या सादरीकरणांपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

अमेरिकेत एमएस करणाऱ्यांसाठी तिथली संस्था म्हणजे आयटीई (इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स). ती १९३० साली वाहतूक नियंत्रणाच्या अभियंत्यांची म्हणून सुरू झाली, १९७६ मध्ये नावातलं ‘ट्रॅफिक’ जाऊन ‘ट्रान्सपोर्टेशन’ आलं. विभागवार शाखा आणि विद्यापीठांत विद्यार्थी शाखा आहेत. पहिल्याच सत्रात विद्यार्थी शाखेत नाव घाला. अभियंत्याच्या परवान्याची वाट एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षेनं सुरू होते, ११० प्रश्न. पुढे अनुभव आणि पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा, ८० प्रश्न. पीटीओई हे वाहतूक नियमनाचं प्रमाणपत्र पीई परवाना आणि चार वर्षांच्या कामानंतर मिळतं. एफई शिक्षण चालू असतानाच द्या; नोकरी लागल्यावर गणिताची उजळणी फार जड जाते. मुलाखतीत लेन न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीची मोजणी कशी केली, ते तपशिलानं सांगा. टॅली शीटचा आणि उरलेल्या रांगेच्या रकान्याचा एक फोटो जवळ असू द्या.