ल प्वी ते कोंक : दहा दिवसांच्या पायवाटेची तयारी

मध्य फ्रान्समधील ल प्वी-आँ-व्हले या गावापासून कोंकपर्यंतची सुमारे दोनशे किलोमीटरची पायवाट चालायची असेल, तर तयारीची सुरुवात बुटांपासून न करता दिनदर्शिका आणि घड्याळ समोर ठेवून करावी. ही वाट म्हणजे स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा एक भाग आहे. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क इ. स. ९५०च्या सुमारास इथूनच यात्रेला निघाला होता. आज फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या पायवाटांत या वाटेला 'जी. आर. ६५' असा क्रमांक आहे. सह्याद्रीतील कातळटप्पे आणि निसरड्या घळी ज्याच्या पायाखालून गेल्या आहेत, त्याला इथला एकही चढ घाबरवणार नाही. वाटेवरची सर्वांत उंच जागादेखील साधारण चौदाशे मीटरच्या आतच आहे. माणसाची फजिती होते ती दुकान दुपारी बारा वाजता बंद झाल्यामुळे, मुक्कामाची खाट आधीच भरल्यामुळे किंवा सातचे जेवण चुकल्यामुळे.

सर्वप्रथम महिना ठरवावा. वाटेवरच्या ओब्राक या उंच पठारावर एप्रिलपर्यंत बर्फ राहू शकते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन उघड्या माळावर सोसत नाही, म्हणून जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर हे दिवस उत्तम. मे महिना रानफुलांमुळे मोहात पाडतो. परंतु त्या महिन्यात असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारला जोडून फ्रेंच लोक शुक्रवारची रजा टाकतात, त्याला ते 'पूल बांधणे' म्हणतात, आणि त्या चार दिवसांत मार्गावरची प्रत्येक खाट भरलेली असते. सप्टेंबरमध्ये गर्दी असतेच, शिवाय शिकारीचा हंगाम सुरू होत असल्याने झाडीतून जाताना सॅकवर भडक नारिंगी किंवा पिवळे आवरण असावे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण तेवढ्यावर विसंबून निवांत चालत राहू नये, कारण मुक्कामाच्या यजमानांचे वेळापत्रक सूर्यावर चालत नाही.

महिना ठरला की टप्पे कागदावर मांडावेत. सँ-प्रिव्हा-दालिये, सोग, ल सोव्हाज, ओमों-ओब्राक, नास्बिनाल, सँ-शेली-दोब्राक, एस्पालियों, एस्तँ, गोलिन्याक आणि कोंक असे दहा मुक्काम धरले, तर बहुतेक दिवशी पंधरा ते पंचवीस किलोमीटर चाल पडते. ल सोव्हाज ते ओमों हा टप्पा मात्र अठ्ठावीसच्या घरात जातो आणि एस्पालियों ते एस्तँ जेमतेम बारा किलोमीटर आहे. लांब दिवस जड वाटत असेल, तर मध्ये सँ-आल्बाँला मुक्काम वाढवावा. यात्रेकरूंसाठीच्या साध्या निवासाला 'झीत' म्हणतात. त्यातील खाट, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी मिळून जो सौदा होतो त्याला 'दमी-पाँस्यों' म्हणतात, आणि त्यासाठी माणशी साधारण ४५ ते ६० युरो धरून चालावे. आरक्षण ई-मेलने करावे आणि आलेले प्रत्येक उत्तर छापून ठेवावे, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे पुरावे लागतात. बेत बदललाच तर आदल्या दिवशी यजमानांना फोन करून कळवावे. न कळवता न जाणे हा या वाटेवर मोठा असभ्यपणा मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. प्रवासविम्याची रक्कम किमान ३०,००० युरो असावी लागते. विमा घेताना डोंगरातील पायी भटकंती त्यात धरलेली आहे की वगळलेली आहे, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. ल प्वीला लियोंहून सँ-एतिएनमार्गे रेल्वेने जाता येते. कोंकला मात्र रेल्वे स्थानक नाही, आणि तिथून रोदेझ या शहराला जाणाऱ्या बसगाड्या मोजक्याच असतात. परतीची ही शेवटची कडी बहुतेकांच्या यादीत राहून जाते. म्हणून ती निघण्यापूर्वीच पक्की करावी आणि पॅरिसहून परतीचे विमान त्याच दिवशीचे कधीही घेऊ नये.

सरावाच्या बाबतीत आपल्याकडच्या ट्रेकरांची एक ठरलेली चूक होते. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस स्वतःला तयार समजतो. परंतु एका दिवसाची दमछाक आणि सलग दहा दिवसांची चाल यांत फार फरक आहे. पाय पहिल्या दिवशी कुरकुरत नाहीत, तिसऱ्या दिवशी कुरकुरतात. म्हणून निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत किमान दोनदा, लागोपाठ तीन दिवस, रोज पंधरा-वीस किलोमीटर, भरलेली सॅक पाठीवर घेऊन आणि तेच बूट घालून चालावे. त्यातही उताराचा सराव अधिक करावा. पहिल्या दोन दिवसांत रोशग्यूदच्या जुन्या बुरुजापासून आलिये नदीच्या खोऱ्यात मोनिस्त्रोलपर्यंत वाट जी घसरते, ती गुडघे तपासून पाहते; ओब्राकहून सँ-शेलीला उतरताना पावसात ओले दगड असतात; आणि कोंकमध्ये शिरतानाचा शेवटचा उतारही सुटे दगड आणि मुळांचाच आहे. चालण्याच्या दोन काठ्या या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतात. चढावर त्या नसल्या तरी चालते.

आता सॅक. पाण्यासह तिचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावे, हा नियम सगळे सांगतात आणि फार थोडे पाळतात. मी अकरा किलो घेऊन निघालो होतो. दुसऱ्या संध्याकाळी सोगमध्ये खाटेवर सगळे सामान ओतले आणि जाडा टॉवेल, जीन्स, दुसरी चार्जरची पिशवी, एक जाड कादंबरी, दाढीचा मोठा डबा असे तीन किलोंचे खोके भरून दुसऱ्या दिवशी टपालाने लियोंमधील परिचितांकडे पाठवले; त्या खोक्यातील एकाही वस्तूची पुढे आठवण झाली नाही. तेव्हा अंगावर एक आणि सॅकमध्ये एक असे कपड्यांचे दोनच जोड, लोकरी मोज्यांचे तीन जोड, एक हलके स्वेटर किंवा फ्लीस, वाऱ्या-पावसाचे जाकीट, टोपी, संध्याकाळसाठी हलक्या चपला, पटकन वाळणारा पंचा, हेडटॉर्च, दीड लिटर पाण्याची सोय आणि साबणाची एक वडी एवढ्यात काम भागते. जूनमध्येदेखील पठारावर पहाटे चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटरवर कात्री चालवू नये. पोंचो घ्यायचा झाल्यास आपल्या पावसाळ्यात एकदा वापरून पाहावा. वाऱ्यात तो छत्रीसारखा उलटा होतो की नाही, हे घरीच कळलेले बरे. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांच्यासाठी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी बॅग पोहोचवणाऱ्या गाड्या या मार्गावर हंगामात रोज धावतात, आणि त्या वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

झीतमध्ये घोंगडी किंवा रजई मिळते, चादर बहुधा मिळत नाही. म्हणून सुती किंवा रेशमी लायनर, म्हणजे चादर दुमडून शिवलेली पिशवी, सोबत असावी. दारातच बुटांसाठी फळी असते आणि अनेक ठिकाणी सॅकसुद्धा खोलीत न नेता खालीच ठेवायला सांगतात. यात तिरस्कार नसून ढेकणांची धास्ती असते. कानात घालायचे बोळे विसरू नयेत. आठ जणांच्या खोलीत घोरणारा एक तरी असतोच, आणि कधी कधी तो आपणच असतो.

जेवणाचा विषय शाकाहारी माणसासाठी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. या डोंगराळ मुलखात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ज्यांना 'लार्दों' म्हणतात, ते सूपपासून सॅलडपर्यंत कुठेही असतात, आणि पुष्कळांच्या लेखी ते मांस नसून चवीपुरती टाकलेली वस्तू असते. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण तीही बहुधा सॉसेजबरोबर शिजून येते. म्हणून आरक्षणाच्या ई-मेलमध्येच 'मांस नाही, मासे नाहीत, लार्दोंही नाहीत' असे तिन्ही शब्द फ्रेंचमध्ये स्पष्ट लिहावेत आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा सांगावे. ओब्राकचा अलिगो हा पदार्थ मात्र मनसोक्त खावा. उकडलेले बटाटे कुस्करून त्यात ताजे चीज, लसूण आणि मलई घालून लाकडी कालथ्याने घोटत राहतात, इतके की यजमानीणबाई कालथा हातभर उंच उचलते तेव्हा पातेल्यापासून कालथ्यापर्यंत पांढरा, चकचकीत पडदा ताणलेला दिसतो आणि तुटत नाही. चीजसाठी वासराच्या पोटातील रेनेट वापरलेले असते. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी अंडी, भाजी, पाव आणि फळे यांवर भिस्त ठेवावी. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे किंवा सुके खाकरे न्यावेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास बंदी असल्यामुळे तूप, पेढे, खवा असे काहीही पिशवीत नसावे.

दुपारच्या शिदोरीची तजवीज सकाळी न्याहारीनंतर लगेच करावी. बेकरी सकाळी लवकर उघडते, पण लहान गावात दुकाने साधारण बारा-साडेबाराला बंद होतात आणि तीननंतर उघडतात. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारी दिवसभर ती उघडतच नाहीत. एका सोमवारी हे विसरल्यामुळे मी सहा तास एक सफरचंद आणि कोरडे मेतकूट यांवर चाललो आहे. तेव्हापासून एका दिवसाचा पाव आणि चीज नेहमी शिलकीत ठेवतो. नळावर 'ओ पोताब्ल' लिहिले असेल तर पाणी पिण्याजोगे आहे. 'नों पोताब्ल' लिहिले असेल तर तोंडसुद्धा लावू नये. गावाच्या दफनभूमीत सहसा नळ असतो, ही खूण ध्यानात ठेवावी.

बऱ्याच झीतमध्ये कार्ड चालत नाही, म्हणून तीन-चार दिवस पुरेल एवढी रोकड जवळ असावी आणि सोग, ओमों किंवा एस्पालियोंसारख्या मोठ्या गावात ती पुन्हा काढावी. आपली तीन पिनांची चार्जरपिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

वाटेवरच्या खुणा सोप्या आहेत. वर पांढरी आणि खाली लाल अशा दोन आडव्या पट्ट्या दिसल्या की वाट बरोबर आहे, आणि त्याच रंगांची फुली दिसली की चुकली आहे. पंधरा मिनिटांत एकही पट्टी दिसली नाही, तर पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत परतावे. मार्झरीद या डोंगराळ भागातील पाइनच्या आणि ओब्राकच्या उतारावरील बीचच्या झाडीत वाट ठळक असते. धुके पडल्यावर फसवतो तो नास्बिनालपुढचा मोकळा गवताळ माळ. तिथे पूर्वी हिवाळ्यात किती माणसे हरवत असतील, याची कल्पना ओब्राकच्या घंटेवरून येते. बाराव्या शतकात तिथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली, आणि धुक्यात व बर्फात वाट चुकलेल्यांना आवाजाची दिशा मिळावी म्हणून ही घंटा वाजवली जात असे. आजच्या माणसाने फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि सोबत १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा ठेवावा. कुरणातून जाताना उघडलेले फाटक मागे लावावे, वासराजवळच्या गाईला लांबून वळसा घालावा, आणि मेंढ्यांच्या कळपातून मोठा पांढरा 'पातू' कुत्रा भुंकत आला तर काठी न उगारता थांबावे, शांत आवाजात बोलावे आणि कळप टाळून सावकाश जावे. उंच गवतातून चालल्यास संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि कमरेपाशी गोचीड चिकटली आहे का हे पाहावे. तिथल्या गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो. ती काढण्याचा लहान आकडा हिरव्या फुलीच्या कोणत्याही औषध दुकानात मिळतो.

गावे पाहण्यासाठी वेळ राखून ठेवणे हाही तयारीचाच भाग आहे. सोगला दुपारी तीनपर्यंत पोहोचल्यास १७६४ ते १७६७ या काळात झेव्होदाँ प्रांतात शंभराच्या आसपास माणसे मारणाऱ्या श्वापदावरचे संग्रहालय पाहता येते. एस्तँपाशी टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे, तो किल्ल्याखालच्या गल्ल्यांत हिंडण्यासाठी. कोंकमध्ये तर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावाच. सँत-फ्वाच्या मठ-चर्चच्या दारावर अंतिम न्यायाचे जे बाराव्या शतकातील शिल्प आहे, त्यात सव्वाशेच्या आसपास आकृती आहेत, आणि त्यांपैकी कंजूष, दारूबाज आणि नकली नाणी पाडणारा शोधून काढायला तास सहज जातो. आत चित्रकार प्येर सुलाझ यांनी १९९४मध्ये पूर्ण केलेल्या १०४ खिडक्या आहेत. त्यांत रंग नाही, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी अशा दोनदा पाहिल्याशिवाय त्यांचे काम ध्यानात येत नाही.

ल प्वीला आदल्या दिवशी दुपारी पोहोचावे, आणि कॅथेड्रलमधून 'क्रेदेन्सियाल' ही घडीची यात्रापुस्तिका घ्यावी, जिच्यात रोज मुक्कामाचा शिक्का उमटतो आणि जी काही झीतमध्ये दाखवावी लागते. सकाळी सात वाजता यात्रेकरूंसाठी प्रार्थना आणि आशीर्वाद असतो. श्रद्धा असो वा नसो, पावणेसातला सॅक भरून तिथे हजर राहावे. आशीर्वाद संपला की चर्चच्या फरशीतील लोखंडी जाळी उघडतात, आणि यात्रेकरू जमिनीतूनच पायऱ्यांनी खाली उतरून रस्त्यावर येतात. तिथून थेट शहराबाहेर न पडता आधी एक बेकरी गाठून पाव घ्यावा, आणि मगच पश्चिमेची चढण धरावी.