जुन्या कबरस्थानाची नोंद करताय? निदान या चुका तरी टाळा

गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. पहिल्यात शेवाळाने काळवंडलेली संगमरवरी पाटी, दुसऱ्यात तीच पाटी पांढरीशुभ्र. खाली लिहिलं होतं, ‘सर, दगड साफ केलाय, आता वाचून द्या.’ दुसऱ्या फोटोत वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे वाचता आलं, ते मी पहिल्या फोटोवरून वाचलं.

अलिबाग, मुरूड, रोहा, पेण या पट्ट्यात बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची जुनी कबरस्थानं आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावं ‘शनवार तेली’ म्हणायची, तीच ही माणसं. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली आणि मागे राहिला ढासळलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आत घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्यांत दडलेल्या कबरी. आता गावोगावची मुलं मोबाइल घेऊन नोंदी करायला निघालीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात वाईट चूक वर सांगितलीच, दगड ‘साफ’ करणं. आपल्याकडची कबर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली असते. जांभा इतका भोकाभोकांचा की त्यावर अक्षर कोरता येत नाही, म्हणून काळ्या दगडाची किंवा संगमरवराची पाटी आणून बसवायचे. म्हणजे त्या माणसाचं नाव, वय, साल, सगळं त्या बोटभर जाडीच्या पाटीवर. संगमरवर मुळात चुन्याच्याच जातीचा. त्यावर संडास धुवायचं ॲसिड टाकलं की फसफसतं, आणि मुलांना वाटतं मळ निघतोय. निघत असतो दगड. अक्षरं मुळात सुपारीच्या सालीएवढीच खोल असतात. वरचा थर विरघळला की कडा बोथट होतात आणि दोन पावसाळ्यांत सपाटी. तारेचा ब्रश काळ्या दगडावरही ओरखडे काढतो, आणि पुढच्याला ओरखडा कुठला नि काना कुठला हे कळत नाही.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खोबरेल चोळू नका, हळद-पीठ भरू नका, ऑइलपेंटने अक्षरं ‘उजळू’ नका. एकदा चुकीचं रंगवलेलं अक्षर पुढचे सगळे तसंच वाचतात. निखळलेला चिरा सिमेंटने बसवू नका. सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा जांभा झिजतो. चुन्याचं काम चुन्यानेच करावं, आणि तेही जाणता गवंडी मिळाला तरच.

मी काय करतो? साधं पाणी, रंगकामाचा मऊ जुना ब्रश आणि सुकलेली माती सोडवायला बांबूची काडी. पाटी हलत असेल किंवा तिचे पापुद्रे सुटत असतील तर तिला हातही लावत नाही. दगडफूल निघत नसेल तर राहू देतो. आपण वाचायला आलेलो असतो, दगड चकचकीत करायला नाही.

वाचायला लागतो उजेड, आणि तोही आडवा. भर दुपारी काढलेल्या फोटोत कोरीव अक्षर बुडून जातं. सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. मी कपाटाचा जुना आरसा बरोबर नेतो. एकाने पाटीवर चादरीची सावली धरायची, दुसऱ्याने आरशाने बाजूने ऊन फेकायचं. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उभ्या राहतात. पहिल्यांदा पाहणारा गप्पच होतो. ज्यांना एका रविवारात सगळं कबरस्थान उरकायचं असतं त्यांना मी बरोबर नेत नाही. माझ्याने दिवसाला बारा-पंधरा पाट्यांच्या वर होत नाही.

गवत काढायला काडी लावायची, ही आपल्या कोकणातली खोडच. राब भाजतो तसं कबरस्थान भाजू नका. आगीने पाटी तडकते. दिवाळीनंतर विळ्याने कापा, आणि हात घालण्याआधी काठीने आपटून बघा. जांभ्याच्या फटीत फुरसं बसलेलं असतं.

आता दुसरी मोठी चूक, सालाची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माणसं हरवतात.

पाटीवर वर हिब्रू आणि खाली मराठी, असं पुष्कळदा असतं. हिब्रूत साल अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत. ‘हे’ म्हणजे ५, ‘खेत’ म्हणजे ८. दोन्ही अक्षरं दिसायला सारखीच, फक्त ‘हे’चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही, मध्ये बारीक फट असते. पाच हजारांचा आकडा बहुधा लिहीतच नाहीत, तो आपण धरायचा. आलेल्या सालातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतं. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरच्या तारखेला ३७६१ वजा करायचे.

एका गावातल्या मुलाने यादी केली होती. तीत एका बाईंच्या पाटीवर मराठीतलं ‘सन १९०’ एवढंच शिल्लक, शेवटचा आकडा उडालेला. मुलाने हिब्रू साल मोबाइलच्या ॲपला वाचायला दिलं. ॲपने सांगितलं ५६६८, मुलाने लिहिलं १९०८. इस्राएलमधलं एक कुटुंब नेमक्या याच नावाची पणजी शोधत होतं. त्यांच्याकडे एवढीच खूण होती की आजोबा १९०४ साली जन्मले आणि सहा महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. त्यांनी यादी पाहिली, साल जुळलं नाही, दुसरी कोणी असेल म्हणून सोडून दिलं. पुढे दोन वर्षांनी मी त्याच पाटीसमोर संध्याकाळी आरसा धरून बसलो होतो. अक्षराच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढुरकं दिसलं. जुन्या सफेदीचा कण होता, मोहरीएवढा. ओल्या ब्रशने सुटला आणि खाली फट उघडी पडली. ‘हे’. म्हणजे ५६६५, म्हणजे १९०५. त्यांचीच पणजी.

म्हणून माझी सवय अशी. एका रकान्यात दगडावर दिसतं ते जसंच्या तसं, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. आपला अंदाज शेजारच्या रकान्यात, पेन्सिलने. दोन्ही कधी एकत्र करायचं नाही. दगडावर ‘जाहले’ असेल तर ‘जाहले’च लिहा, ‘झाले’ करू नका. हिब्रू आणि मराठी तारखेत एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच चूक म्हणू नका. ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो, रात्री गेलेल्या माणसाला पुढची तिथी लागते.

शके असेल तर डोळे मिटून ७८ मिळवू नका. शके १८२५ चा माघ १९०३ मध्ये येत नाही, तो १९०४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत येतो. मुसलमान कबरस्थानात हिजरी सन भेटेल. ते चांद्र वर्ष, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यात ६२२ मिळवून भागत नाही. हिजरी १३३७ सुरू झालं ऑक्टोबर १९१८ मध्ये, ऐन इन्फ्लुएन्झाच्या साथीत. ६२२ मिळवणाऱ्याने ते १९५९ केलेलं मी पाहिलंय. शिवाय तिथल्या आकड्यांत ५ आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब.

नावांचं थोडक्यात सांगतो. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी. एकाच माणसाची मराठी ओळीत एक आणि हिब्रू ओळीत दुसरी अशी दोन नावं पाहून दोन माणसं मोजू नका. आडनावातलं गाव हे मूळ गाव, पेणकर पेणलाच वारले असं नाही. आणि जुन्या कागदात या समाजाच्या संदर्भात ‘मशीद’ आलं तर ते बहुधा सिनेगॉग असतं.

मोबाइलच्या जीपीएसवर कबरीची जागा ठरवू नका. झाडीखाली पाच-दहा मीटरची चूक सहज येते, तेवढ्यात चार कबरी मावतात. सुतळी आणि मोजपट्टी घ्या, गडग्याच्या कोपऱ्यापासून मापं लिहा. एखाद्या झाडापासून मोजलेलं काही कामाचं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अशी खुणेची कितीतरी झाडं गेली.

आणि शेवटचं, ज्याचा मला खरा राग येतो. पाटी नाही म्हणून कबर सोडून देणं. गरिबाला पाटी कुठून परवडणार? दोन चिरे आणि मधला उंचवटा, एवढंच असतं. त्यालाही क्रमांक द्या, मापं घ्या, आणि मग गावात जाऊन विचारा. कबरस्थानाची राखण पिढ्यान्‌पिढ्या कुठल्यातरी शेजारच्या घराकडे असते, त्या घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस गाठा. आमच्याकडच्या एका आजींचे वडील ही राखण करायचे. आजी काठी टेकत आल्या, गडग्यावर बसल्या आणि बिनपाटीच्या तीन कबरी बोटाने दाखवल्या. फणसाखालची कुणाची, तेही सांगितलं. मी वहीत लिहिलं, ‘क्र. ४१, पाटी नाही, मास्तरीणबाई’, आणि नेहमीप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं.

‘मास्तरीण नाही रे बाळा,’ आजी म्हणाल्या, ‘मास्तरांची आई. मास्तर लग्नाचे कुठे होते तेव्हा!’

मी एक आडवी रेघ मारून वर नवीन लिहिलं, खाली आजींचं नाव आणि तारीख टाकली. रेघेखालचं जुनं वाचता येईल असंच ठेवलंय.